व्हर्जिनिया : माणसं बदलतात की नुसत्या पिढ्या?

पोटोमॅककाठी :

नोव्हेंबर २०२५ ची निवडणूक होऊन गेली, अंगणाअंगणातल्या पाट्या निघाल्या, म्हणून आता शांतपणे विचारतो.

यंदा आमच्या व्हर्जिनियात राज्यपातळीच्या तीन पदांसाठी कोण उभं होतं ते बघा. गव्हर्नरपदासाठी ॲबिगेल स्पॅनबर्गर विरुद्ध विन्सम अर्ल-सीअर्स. दोघी बायका, आणि त्यातल्या सीअर्स जमैकात जन्मलेल्या, कृष्णवर्णीय, एकेकाळच्या मरीन, पक्ष रिपब्लिकन. लेफ्टनंट गव्हर्नरसाठी आपल्या हैदराबादेत जन्मलेल्या गझाला हाश्मी विरुद्ध जॉन रीड. हे रीड उघडपणे समलिंगी आहेत, आणि तेही रिपब्लिकन. ॲटर्नी जनरलसाठी कृष्णवर्णीय जे जोन्स विरुद्ध क्यूबातून पळून आलेल्या आईचा मुलगा जेसन मियारेस. स्पॅनबर्गर, हाश्मी, जोन्स निवडून आले. पण मला निकालापेक्षा ही यादीच जास्त बोलकी वाटते.

कारण हेच ते राज्य. १९५८ साली रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग या नवराबायकोला इथल्या शेरीफने अपरात्री घरात शिरून पकडलं. नवरा गोरा, बायको कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकी वंशाची. लग्न वॉशिंग्टनला जाऊन केलेलं, पण व्हर्जिनियात तो गुन्हा होता. न्यायाधीशाने वर्षभराची कैद सुनावली आणि पंचवीस वर्षं दोघांनी मिळून राज्यात यायचं नाही या अटीवर ती स्थगित केली. १२ जून १९६७ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने मोडीत काढला. त्या दिवशी असे कायदे सोळा राज्यांत होते.

माझा पहिला प्रश्न असा, की हे झालं कसं? जुन्यांची मतं बदलली, की जुने गेले आणि नवे आले?

दुसरा प्रश्न २००६ सालचा, तो मला फार दिवस छळतो आहे. तेव्हा जॉर्ज ॲलन इथले सिनेटर होते. प्रचारसभेत प्रतिस्पर्ध्याचा एक भारतीय वंशाचा स्वयंसेवक त्यांचं चित्रण करत होता. ॲलननी सगळ्यांसमोर त्याला ‘मकाका’ (माकडाची एक जात) म्हटलं आणि ‘अमेरिकेत स्वागत’ असं वर ऐकवलं. तो मुलगा फेअरफॅक्स काउंटीत जन्मलेला! नोव्हेंबरात ॲलन दहा हजारांहून कमी मतांनी पडले. पण त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, लग्न फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच अशी घटनादुरुस्ती होती, आणि ती सुमारे ५७ टक्क्यांनी मंजूर झाली. वर्णावरून केलेला अपमान ज्या मतदारांना चालला नाही, त्यांच्यातल्याच अनेकांनी त्या दुरुस्तीला हो म्हटलं असणार. असं का?

खमंग :

व्हर्जिनियाच्या पर्यटनाचं घोषवाक्य ‘व्हर्जिनिया इज फॉर लव्हर्स’ आहे आणि ते १९६९ पासूनचं आहे. लव्हिंगचा निकाल १९६७ चा. मी तरी ते घोषवाक्य त्या दोघांचंच मानतो. :)

निवांत_नाना येऊ द्या, मी चहा ठेवलाय.

चिंचबोर :

वाचतेय. छान धागा.

निवांत_नाना :

आलो, खमंग. चहा आहे ना अजून?

मी सत्तरच्या दशकात रिचमंडच्या एका इस्पितळात डॉक्टर म्हणून रुजू झालो. तेव्हा कायदे बदलून झाले होते, माणसं व्हायची होती. पहिलं घर शोधताना एका घरमालकाने फोनवर घर रिकामं आहे असं सांगितलं आणि आम्ही दारात उभे राहिल्यावर ते नुकतंच गेल्याचं सांगितलं. पण आमचं दुःख ते केवढं? माझ्या वॉर्डात एक कृष्णवर्णीय नर्स होत्या, प्रिन्स एडवर्ड काउंटीतल्या. गोऱ्या-काळ्या मुलांनी एका शाळेत बसू नये म्हणून त्या काउंटीने १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळाच बंद ठेवल्या होत्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. या बाईंच्या धाकट्या भावाची शिक्षणाची वर्षं वाया गेली ती गेलीच. त्या हे सांगायच्या तेव्हा आवाज चढायचा नाही, पण औषधांचा ट्रे ठेवायच्या तो जरा जोरात.

१९८९ ची रात्र मला लख्ख आठवते. डग्लस वाइल्डर गव्हर्नरपदाला उभे. गुलामांचे नातू. मतदान करून बाहेर पडलेल्यांना विचारून टीव्हीवाल्यांनी सांगितलं, दहा टक्क्यांनी जिंकतायत. प्रत्यक्षात सात हजारांपेक्षाही कमी मतांनी जिंकले. म्हणजे बरेच गोरे मतदार आत एक करून बाहेर दुसरं सांगत होते. अमेरिकेत लोकांनी निवडून दिलेला पहिला कृष्णवर्णीय गव्हर्नर, तोही जिथे यादवी युद्धात बंडखोर दक्षिणेची राजधानी होती त्या रिचमंडमध्ये. त्या खोटं सांगण्यातही मला एक पाऊल पुढे पडलेलं दिसलं. नाही म्हणायची लाज वाटायला लागली होती. आधी ती लाजसुद्धा नव्हती.

आता पोटोमॅककाठी, तुमच्या २००६ च्या कोड्याबद्दल. माझे एक सहकारी डॉक्टर बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन, म्हणजे चर्चचे पदाधिकारी, होते. गोरे, इथलेच, शेतकऱ्याच्या घरातले. १९८९ ला त्यांनी अंगणात वाइल्डरची पाटी लावली आणि त्यापायी शेजाऱ्यांशी वाकडं घेतलं. २००६ ला हेच गृहस्थ त्या दुरुस्तीसाठी दारोदार फिरले. मी विचारलं तर म्हणाले, वर्णाच्या बाबतीत आमच्या चर्चने पाप केलं आणि ते पाप आम्ही कबूल केलंय. हे मात्र धर्मग्रंथात लिहिलेलं आहे. सदर्न बॅप्टिस्ट संघटनेने गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल १९९५ मध्ये जाहीर माफी मागितली होती, हे ध्यानात घ्या. त्यांच्या मनात हे दोन वेगळे कप्पे होते आणि दोन्हीकडे ते प्रामाणिक होते. ॲलनला मत न देणारे आणि दुरुस्तीला मत देणारे असेच असंख्य असतील.

जाता जाता आणखी एक. १९९६ चा ‘डोमा’ कायदा, केंद्र सरकारच्या लेखी लग्न फक्त स्त्री-पुरुषांचंच असं ठरवणारा, सिनेटमध्ये ८५ विरुद्ध १४ ने मंजूर झाला. विरोध करणाऱ्या चौदांमध्ये दक्षिणेतला एकच होता, आमच्या व्हर्जिनियाचा चक रॉब. जॉन्सन अध्यक्षांचा जावई, व्हिएतनाममध्ये लढलेला. २००० मध्ये त्याला हरवून जे आले तेच हे जॉर्ज ॲलन.

आकडेशास्त्री :

नानांचा प्रतिसाद संग्रही ठेवण्यासारखा.

मूळ प्रश्नाला आकड्यांतून बरंचसं उत्तर मिळतं. गॅलप या सर्वेक्षण संस्थेने १९५८ मध्ये गोऱ्या-काळ्या विवाहाबद्दल विचारलं तेव्हा ४ टक्के लोकांची संमती होती. २०२१ मध्ये ९४ टक्के. हा प्रवास त्रेसष्ट वर्षांचा, म्हणजे तेवढ्यात मतदारांचा जवळजवळ अख्खा संच बदलतो. १९५८ चे प्रौढ २०२१ मध्ये कितीसे उरले? इथे पिढी बदलण्याचा वाटा मोठा आहे.

समलिंगी विवाहाचं चित्र वेगळं दिसतं. १९९६ मध्ये २७ टक्के बाजूने, २०१५ मध्ये ६० टक्के. एकोणीस वर्षांत तेहेतीस टक्क्यांची उडी. एकोणीस वर्षांत इतके म्हातारे मरत नाहीत आणि इतकी पोरं अठराची होत नाहीत. १९९६ ला ‘नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी जिवंत माणसांनी आपलं मत बदलल्याशिवाय हे गणित सुटत नाही. प्रत्येक वयोगटात पाठिंबा वाढला. तरुणांमध्ये तो सुरुवातीपासून जास्त होता, एवढंच.

म्हणजे पोटोमॅककाठी, तुमच्या शीर्षकातले दोन्ही पर्याय खरे आहेत, पण एकाच प्रश्नाला नाहीत. वर्णाबाबत बऱ्याच अंशी पिढ्या बदलल्या, लैंगिकतेबाबत बऱ्याच अंशी माणसं बदलली.

आणि बदललेलं मत मागेही फिरतं. रिपब्लिकन मतदारांत समलिंगी विवाहाला २०२१ मध्ये ५५ टक्के पाठिंबा होता, २०२५ मध्ये ४१. चार वर्षांत चौदा टक्के खाली. इथेही कुणी मेलं म्हणून आकडा उतरलेला नाही. पक्षातलं वारं बदललं, तशी मतं बदलली.

सडेतोड :

इथे मीच एकटा रिपब्लिकन दिसतोय, म्हणून लिहितो.

मी २०२१ ला गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन ग्लेन यंगकिन यांना मत दिलं आणि यंदा सीअर्स यांना. माझ्या ऑफिसातल्या काही गोऱ्या डेमोक्रॅट मित्रांना वाटतं की मी भारतीय असून ‘तिकडे’ कसा. त्यांच्या या गृहीतकालाच माझा आक्षेप आहे. माझ्या कातडीवरून माझं मत ठरवणं हाही वर्णभेदच.

मुलांच्या शाळेचा विषय घ्या. फेअरफॅक्समधली थॉमस जेफरसन ही विज्ञान-तंत्रज्ञानाची सरकारी शाळा, आपले सगळे तिला टीजे म्हणतात. प्रवेशासाठी कठीण परीक्षा होती. २०२० च्या डिसेंबरात स्कूल बोर्डाने ती काढली, प्रत्येक माध्यमिक शाळेला जागा वाटून दिल्या. पहिल्याच वर्षी आशियाई मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. आमच्या ओळखीतल्या किती मुलांनी रात्र-रात्र अभ्यास केला होता! पालक कोर्टात गेले. २०२३ मध्ये अपील कोर्टात हरले आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. या पालकांना कुणी मागासलेले म्हणू नये. ते आपल्या मुलांसाठी भांडले.

समलिंगी विवाहाला माझा विरोध नाही. यंगकिननीच मार्च २०२४ मध्ये राज्याच्या कायद्यावर सही केली, की लिंग किंवा वंश बघून कुणाचंही लग्न नाकारता येणार नाही. स्वतः त्यांचा वैयक्तिक विश्वास वेगळा असूनही. माझा आक्षेप मुलींच्या खेळांत ट्रान्स विद्यार्थ्यांना उतरू देण्याबद्दल आहे आणि शाळा पालकांपासून काय लपवते त्याबद्दल आहे.

निवांत_नाना :

सडेतोड, तुमचं मत तुम्ही उघडपणे मांडलंत, बरं वाटलं. टीजेच्या पालकांचं दुःख खरं आहे. पण त्याच शाळेत त्या बदलाच्या आधीच्या प्रवेशात कृष्णवर्णीय मुलं इतकी कमी होती की दहाचाही आकडा गाठत नव्हती. आजूबाजूच्या एवढ्या मोठ्या भागातून! ज्यांच्या आजोबांची शाळा कुलूप लावून बंद केली गेली, त्यांच्या नातवंडांना आठवीपासून महागडे क्लास लावणं जमलं नाही, यात नवल काय?

आणि आपण इथे आहोत ते कुणामुळे, हेही ध्यानात असू द्या. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना ‘तुम्ही गोरे नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. आपल्याला दारं उघडणारा इमिग्रेशनचा कायदा १९६५ चा. नागरी हक्कांची चळवळ झाली नसती तर तो झाला नसता. ती चळवळ लाठ्या खाऊन कुणी केली ते मी तुम्हाला सांगायला नको.

सडेतोड :

नाना, आदर आहे. ऋण मान्य. पण ते ऋण माझ्या मुलीने परीक्षेच्या जागेवरून फेडावं हे मला पटत नाही. इथे आपलं जुळणार नाही.

कडीपत्ता :

नाना आणि सडेतोड दोघांनाही +१. एकाच वेळी दोघांचं पटतंय, काय करू?

खमंग :

@कडीपत्ता, अजून एक चहा घे.

गार्गी_वि :

मी इथेच वाढले, हर्नडनला. मराठी शाळेमुळे लिहिता येतं, चुका असतील तर सांभाळून घ्या.

मला माझ्या बाजूने सांगायचंय. २०१७ मध्ये मी कॉलेजात होते आणि डॅनिका रोमच्या प्रचाराला मनॅससमध्ये दारं वाजवली. डॅनिका ट्रान्स आहे, आधी पत्रकार होती. समोर बॉब मार्शल, पंचवीस वर्षांहून जास्त काळ आमदार. तुम्ही वर २००६ ची जी दुरुस्ती सांगितलीत ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्याच वर्षी त्यांनी कुणी कुठलं स्वच्छतागृह वापरायचं ते जन्माच्या वेळच्या लिंगावरून ठरवणारं विधेयकही आणलेलं.

आम्हाला सूचना एकच होती. रस्ता. रूट २८ वर रोज सकाळी जी कोंडी होते, ती कशी सोडवणार तेवढं बोला. मला पहिल्यांदा विचित्र वाटलं, मला वाटलेलं आपण हक्कांसाठी लढतोय. पण दार उघडणाऱ्या साठीच्या आजोबांनाही त्या कोंडीचाच राग होता. एका आजोबांनी सरळ विचारलं, तो मुलगा होता ना आधी? मी म्हटलं, ती ट्रान्स आहे आणि तिला रूट २८ चा प्रत्येक सिग्नल माहीत आहे. ते हसले आणि पत्रक घेतलं. मत दिलं का ते मला कधी कळणार नाही. डॅनिका जिंकली. मार्शलविषयी विचारल्यावर ती म्हणाली की माझ्या मतदारांवर मी टीका करत नाही, आणि आता बॉब माझे मतदार आहेत. आता ती राज्याच्या सिनेटमध्ये आहे.

पण आमची पिढी म्हणजे सगळी एका विचाराची असं समजू नका प्लीज. माझ्या वर्गातली काही मुलं, भारतीय मुलंसुद्धा, २०२४ ला उघडपणे ट्रंपकडे गेली. एक्झिट पोलप्रमाणे तिशीच्या आतल्या मतदारांत बायडनना २०२० मध्ये ६० टक्के होते, हॅरिसना ५४ मिळाले. ‘तरुण येतील आणि सगळं आपोआप ठीक होईल’ असं म्हणणाऱ्या काका-काकूंचं मला खूप टेन्शन येतं. आपोआप काही होत नाही. दारं वाजवावी लागतात.

ऋतुगंध :

बरेच दिवस फक्त वाचत होतो. या धाग्यावर लिहायचं ठरवलं.

मी समलिंगी आहे. सांगलीचा. विद्यार्थी म्हणून आलो, मग एच-वन. माझा जोडीदार अमेरिकन नागरिक, गोरा, रोआनोकजवळच्या एका लहान गावातला. डोमा असेपर्यंत आमच्या नात्याला केंद्र सरकारच्या लेखी काहीच किंमत नव्हती. तो माझ्यासाठी ग्रीनकार्डचा अर्ज करू शकत नव्हता. माझ्याबरोबर आलेल्या मित्राने अमेरिकन मुलीशी लग्न केलं, त्याचे कागद झाले. मी नोकरी गेली तर देश सोडायच्या तयारीत. २६ जून २०१३ ला न्यायालयाने डोमाचा तो भाग रद्द केला तेव्हा आम्ही दोघं ऑफिस सोडून पायऱ्यांवर जाऊन उभे राहिलो. पण राहायचो व्हर्जिनियात, आणि इथे २००६ ची दुरुस्ती होती.

मग मार्क हेरिंग. हे नाव मी विसरणार नाही. राज्याच्या सिनेटमध्ये असताना त्यांनी त्याच दुरुस्तीच्या बाजूने मत दिलं होतं. ॲटर्नी जनरल झाल्यावर, जानेवारी २०१४ मध्ये, त्यांनी जाहीर केलं की ही बंदी घटनाविरोधी आहे आणि मी न्यायालयात तिचा बचाव करणार नाही. आकडेशास्त्री म्हणतात ती ‘बदललेली माणसं’, त्यातलं हे एक. पुढच्याच महिन्यात नॉरफोकच्या न्यायाधीश अरेंडा राइट ॲलन यांनी बंदी रद्द केली आणि निकालपत्राच्या सुरुवातीलाच मिल्ड्रेड लव्हिंगचे शब्द घेतले. लव्हिंग निकालाला चाळीस वर्षं झाली तेव्हा, २००७ मध्ये, मिल्ड्रेडच्या नावाने एक निवेदन निघालं होतं, की वर्ण कोणताही असो, लिंग कोणतंही असो, सगळ्यांना लग्न करता आलं पाहिजे. एका कृष्णवर्णीय महिला न्यायाधीशाने ते वाक्य व्हर्जिनियाच्या निकालात आणलं. ६ ऑक्टोबर २०१४ ला इथे लग्नं सुरू झाली. त्याच महिन्यात आर्लिंग्टनच्या कोर्टात आमचं झालं.

पोटोमॅककाठी, दोन कप्पे असतात हे नानांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्या निकालपत्रात ते दोन कप्पे एकत्र आले. माझ्यासारख्या माणसाचं आयुष्य तिथून सुरू होतं.

आणि पिढीबद्दल म्हणाल तर माझे आई-बाबा, दोघं निवृत्त शिक्षक, तीन-चार वर्षांत सावरले. आई आता माझ्या नवऱ्यासाठी भडंग पाठवते. माझ्याच वयाचे दोन चुलत भाऊ अजून बोलत नाहीत. त्यातला एक न्यू जर्सीत आहे.

चिंचबोर :

ऋतुगंध, तुम्हा दोघांना खूप शुभेच्छा. लिहीत राहा.

निवांत_नाना :

ऋतुगंध, रिचमंडला आलात तर घरी या. दोघंही. काकू पुरणपोळी करेल.

कोल्हापूरकर :

पुण्यातून. एक शंका. तिकडे राहणारे आपले लोक कृष्णवर्णीयांबद्दल घरात कसं बोलतात? मी मुलीकडे आलो होतो तेव्हा जे ऐकलं ते चांगलं नव्हतं. ‘त्या भागात घर घेऊ नका’ वगैरे. आणि जातीचं काय? सिॲटलने २०२३ मध्ये जातिभेदावर बंदी घातली, तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या. त्यावर मराठी मंडळी किती तुटून पडली होती.

सडेतोड :

तो कायदा आपल्या मुलांना आयुष्यभर संशयित करणारा होता. कॅलिफोर्नियातलं तसंच विधेयक गव्हर्नर न्यूसम यांनी परत पाठवलं, ते तर डेमोक्रॅट.

गार्गी_वि :

कोल्हापूरकर काका, खरं आहे. घरात बोललं जातं. माझ्या मैत्रिणीने कृष्णवर्णीय मुलाशी लग्न ठरवलं तेव्हा तिच्या आईला मुलगा डॉक्टर आहे हे सांगूनही महिना लागला. जातीबद्दल सडेतोड काकांशी मी सहमत नाही. ज्याला त्रास झालाय त्याला तक्रार करायची जागा हवी. पण तो वेगळा धागा होईल.

पोटोमॅककाठी :

जातीसाठी नवा धागा काढा, मी येतो तिकडे. इथे व्हर्जिनियावरच राहू.

गार्गीने रोमचं सांगितलं त्यात एक भर. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या सिनेटच्या अध्यक्षस्थानी असताना तेव्हाच्या लेफ्टनंट गव्हर्नर सीअर्स यांनी रोमना ‘सर’ म्हटलं. सभागृहाचं काम थांबवावं लागलं, नंतर त्यांनी माफी मागितली. आणि सडेतोड यांनी उल्लेख केलेल्या विवाहाच्या त्याच विधेयकावर सीअर्स यांनी हाताने लिहून ठेवलं, की पदाचं कर्तव्य म्हणून सही करते पण नैतिकदृष्ट्या माझा विरोध आहे. राज्यात एवढ्या मोठ्या पदावर निवडून आलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या दृष्टीने दोन्ही गोष्टींत काही विसंगती नाही. नानांच्या डीकन मित्राचीच ही दुसरी बाजू म्हणायची का?

निवांत_नाना :

तेच. चर्च गोऱ्यांचं असो की काळ्यांचं, हा मुद्दा तिथे पुस्तकातून येतो. आणि मतदारही आपल्याला वाटतो तसा सरळ रेषेत चालत नाही. २०१९ मध्ये गव्हर्नर नॉर्दम यांच्या कॉलेजच्या वार्षिक अंकाच्या पानावर कृष्णवर्णीयांची टिंगल म्हणून काळं तोंड रंगवलेल्याचा फोटो निघाला. सगळे म्हणाले, गेला. ऋतुगंध, तुमच्या हेरिंगनीही त्याच आठवड्यात तरुणपणी असं केल्याचं जाहीर केलं. नॉर्दम यांनी राजीनामा द्यावा का, असं विचारलं तर राहू दे म्हणणारे कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा जास्त निघाले! माझ्या त्या नर्सबाई म्हणाल्या, आता याच्याकडून कामं करून घेऊ. आणि घेतली. २०२१ मध्ये मृत्युदंड रद्द झाला, रिचमंडमधला, बंडखोर दक्षिणेचा सेनापती जनरल लीचा पुतळा उतरला. तो उतरताना बघायला आम्ही गेलो होतो.

ऋतुगंध :

हेरिंगचं ते माहीत आहे. त्याने माझं मत बदललं नाही. एका माणसात दोन्ही असू शकतं.

आकडेशास्त्री :

एक तिसरा घटक राहिला, तो इथे फार मोठा आहे. पिढ्या बदलल्या, माणसं बदलली, आणि व्हर्जिनियात माणसं बाहेरून आली. लाउडन काउंटीची लोकसंख्या १९९० मध्ये ८६ हजार होती, २०२० मध्ये ४ लाख २० हजार. त्यात साधारण पाचातला एक आशियाई. ॲशबर्नमध्ये जिथे आपली दिवाळी होते तिथे तेव्हा गुरं चरत होती. १९६४ नंतर २००८ पर्यंत हे राज्य अध्यक्षपदासाठी कधी डेमोक्रॅट उमेदवाराकडे गेलं नव्हतं. नकाशा रंग बदलतो तेव्हा आपण म्हणतो व्हर्जिनिया बदलला. बऱ्याच अंशी व्हर्जिनियात राहणारे लोकच वेगळे आहेत. नैर्ऋत्येला डोंगराकडे, जिथे ॲलन ‘मकाका’ म्हणाले, तिथले कल उलट दिशेला गेलेत.

पण हेही बघा, याच लाउडनमध्ये २०२१ साली स्कूल बोर्डाच्या सभांमध्ये ट्रान्स विद्यार्थ्यांच्या धोरणावरून आणि वंशाचा इतिहास कसा शिकवावा यावरून एवढा गोंधळ झाला, की त्यावर यंगकिन यांची निवडणूक फिरली असं अनेक जण मानतात. बाहेरून आलेले सगळे उदारमतवादी असतात असं नाही.

सडेतोड :

शेवटचं वाक्य सोन्याचं.

पोटोमॅककाठी :

धन्यवाद सगळ्यांना. तिसऱ्या घटकाचा मी विचारच केला नव्हता, आणि मी स्वतः त्यातच मोडतो.

आता यापुढचं. २००६ ची ती दुरुस्ती अजून राज्याच्या घटनेत आहे. लागू होत नाही, पण ओळी तशाच आहेत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क काढला तेव्हा न्यायमूर्ती थॉमस यांनी देशभर समलिंगी विवाह मान्य करणाऱ्या २०१५ च्या निकालाचाही पुन्हा विचार व्हावा असं लिहिलं होतं. तो निकाल फिरला तर केंद्राच्या २०२२ च्या कायद्याने दुसऱ्या राज्यात झालेलं लग्न मानावं लागेल, पण व्हर्जिनियात नव्याने लग्न लावायचं की नाही हे पुन्हा त्या ओळींवर येईल. म्हणून त्या काढायचा ठराव २०२५ च्या अधिवेशनात मंजूर झाला. असा ठराव निवडणुकीनंतरच्या नव्या विधिमंडळाने पुन्हा मंजूर केल्यावरच लोकांच्या मताला येतो.

नाना, तुमचे डीकन मित्र काय करतील?

निवांत_नाना :

कालच फोनवर बोललो. ऐंशी ओलांडली त्यांनी, डोकं तल्लख आहे. म्हणाले, ओळी राहू द्या असंच मत देणार. त्यांची नात एका मुलीबरोबर राहते आणि रविवारी दोघी त्यांच्याकडे जेवायला असतात. तरीही. मी म्हटलं, मी उलट मत देणार. म्हणाले, ठाऊक आहे, मला गाडीतून केंद्रावर घेऊन जाशील का? आकडेशास्त्री, यांना कुठल्या रकान्यात घालायचं ते तुम्ही ठरवा.

आकडेशास्त्री :

‘बदललेला नाही’ या रकान्यात, नाना. मत तेच आहे ना. जेवणाचं टेबल मोजणारा सर्व्हे अजून कुणी काढलेला नाही.

कडीपत्ता :

आमचं ग्रीनकार्ड आहे. आम्हाला त्यावर मत देता येईल का?

गार्गी_वि :

नाही, नागरिकत्व लागतं. ज्यांनी मधल्या काळात घर बदललंय त्यांनी नोंदणीतला पत्ता आत्ताच बदलून घ्या. व्हर्जिनियात मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते, पण मग तात्पुरती मतपत्रिका देतात आणि ती नंतर तपासून मोजतात. प्रश्न मतदारांपुढे आला की मी दारं वाजवणार आहे. मनॅससला येणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मराठीत बोलणारे हवेतच.

ऋतुगंध :

आम्ही दोघं येऊ.